मोजदादीबाहेरची मांजरे आणि अर्धवट भूतदया

प्रतिनिधी, भंडारा

देशातील २१ व्या पशुगणनेस २५ ऑक्टोबर २०२४ रोजी प्रारंभ झाला. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांच्याबरोबरच हत्ती, ससा आणि श्वान यांचीही मोजदाद करण्याचे या गणनेत ठरविण्यात आले. मांजराला मात्र या यादीत स्थान मिळाले नाही. घरोघरी आढळणारा, बाजारात, गोदामात आणि रुग्णालयाच्या आवारात सर्रास वावरणारा हा प्राणी सरकारदरबारी जणू अस्तित्वातच नाही. भंडारा जिल्ह्यात भटक्या मांजरांची संख्या किती, या प्रश्नाचे अधिकृत उत्तर त्यामुळे मिळू शकत नाही. ज्याची नोंद नाही त्यासाठी तरतूद नाही आणि ज्यासाठी तरतूद नाही त्याची जबाबदारी कोणाचीच नाही, असा हा सरळ हिशेब आहे.

या रिकाम्या जागेत आज दोनच प्रवृत्ती दिसतात. एक, मांजरे पोत्यात घालून गावाबाहेर सोडून देण्याची. आणि दुसरी, दयेपोटी दारात दुधाची वाटी ठेवण्याची. पहिली उघड निर्दयी आहे. दुसरी दयाळू वाटते; परंतु केवळ खाऊ घालण्यापाशी थांबणारी दया अखेर त्याच मांजरांच्या हालअपेष्टांत भर घालते, हे जगभरच्या अनुभवाने दाखवून दिले आहे. या दोहोंमधला तिसरा मार्ग स्वयंसेवकांनी घालून दिलेला आहे. मांजर पकडणे, त्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करणे व त्याला पूर्वीच्याच जागी सोडणे, असे त्याचे स्वरूप आहे. हा मार्ग भंडाऱ्यासारख्या लहान शहरांच्या आणि जंगलाला खेटून असलेल्या जिल्ह्यात कितपत उपयोगी पडेल, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

श्वानांसाठी नियम, मांजर मात्र उपेक्षित

भटक्या प्राण्यांचा प्रश्न २०२५ मध्ये देशभर ऐरणीवर आला तो श्वानांमुळे. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटके श्वान निवारागृहांत हलविण्याचा आदेश दिला. त्यावर मोठा गदारोळ झाल्यानंतर २२ ऑगस्ट रोजी त्यात दुरुस्ती करण्यात आली. निर्बीजीकरण व लसीकरण झालेले श्वान मूळ जागी सोडावेत, मात्र रेबीजग्रस्त वा आक्रमक श्वान सोडू नयेत, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून श्वान हटविण्याचे व त्यांना पुन्हा तेथे न सोडण्याचे निर्देश देण्यात आले. या साऱ्या घडामोडींत मांजर हा विषय जवळपास आलाच नाही.

कायद्याची चौकटही अशीच एकांगी आहे. २००१ मध्ये केंद्राने केलेले प्राणी जन्म नियंत्रण नियम नावानिशी श्वानांपुरतेच होते. त्यांची जागा १० मार्च २०२३ रोजी नव्या नियमांनी घेतली. शीर्षकातून 'श्वान' हा शब्द गेला. परंतु नियमांची बहुतांश रचना श्वानांना डोळ्यांसमोर ठेवूनच झालेली आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांचे अंदाजपत्रक, निविदा आणि पिंजरागाड्या यांतही श्वानच केंद्रस्थानी असतो.

याचा अर्थ मांजर कायद्याने निराधार आहे, असा मात्र नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मांजरालाही लागू आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे वा जायबंदी करणे हा गुन्हा आहे. म्हणजे मांजर मारणे बेकायदा आहे. पण त्याची संख्या मर्यादेत ठेवणे हे कोणाचे ठरलेले काम नाही. नेमकी हीच पोकळी स्वयंसेवक भरून काढत आले आहेत.

मोठ्या शहरांत या कामाला प्रशासनाची जोड मिळू लागली आहे. मुंबई महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने २०१९ पासून मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले. 'वर्ल्ड फॉर ऑल'सारख्या मुंबईतील संस्थांनी निर्बीजीकरणाबरोबरच पिल्लांना घरे मिळवून देणारे दत्तक मेळावे भरविण्याची प्रथा रुजविली. विदर्भातील लहान शहरांपर्यंत ही प्रथा अद्याप पुरेशी झिरपलेली नाही.

एका वाटीचा परिणाम

मांजराची मादी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की प्रजननक्षम होते. गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात भटक्या मांजरांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या मांजरांच्या प्रत्यक्ष आयुष्याची आकडेवारी पुढे आली. तेथील मादीला वर्षाला सरासरी १.४ वेळा पिल्ले होत आणि एका वेळी साधारण तीन पिल्ले जन्मत. निरीक्षणाखालील १६९ पिल्लांपैकी १२७, म्हणजे ७५ टक्के पिल्ले सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली.

हेच प्रमाण उदाहरणादाखल एखाद्या बाजारातील वीस मांजरांच्या समूहाला लावून पाहिले तर चित्र स्पष्ट होते. वीसपैकी दहा माद्या धरल्या, तर वर्षाला बेचाळीस पिल्ले जन्मतील. त्यातील एकतीस-बत्तीस पिल्ले उपासमार, रोग, वाहनांची धडक आणि श्वानांचे हल्ले यांत दगावतील. उरलेल्या दहांमुळे वीसचा समूह पुढील वर्षी तीसवर जाईल. नियमित अन्न मिळाले की माद्या धष्टपुष्ट राहतात, पिल्ले होत राहतात आणि मरणाऱ्या पिल्लांची संख्याही चढती राहते. वाटीत दूध ओतणाऱ्याला दारात येणारे मांजर दिसते. गटाराच्या कडेला मरणारी पिल्ले दिसत नाहीत. शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना गाईचे दूध पचतही नाही, ही आणखी एक दुर्लक्षित बाब.

याचा निष्कर्ष अन्न देणे बंद करावे असा नाही. अन्न ही मांजराशी ओळख करून घेण्याची पहिली पायरी आहे. ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी अन्न देणाऱ्या माणसालाच त्या परिसरात किती मांजरे आहेत, त्यांत माद्या किती, नवे मांजर कोणते, हे ठाऊक असते. निर्बीजीकरणाची मोहीम या माहितीवाचून उभी राहत नाही. प्रश्न एवढाच, की ही माहिती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते की वाटीपाशीच विरून जाते.

हुसकावल्याने जागा रिकामी राहत नाही

मांजरे उचलून दूर सोडून द्यावीत, हा उपाय सर्वांत सोपा वाटतो. अनेक वसाहतींत तो गुपचूप अमलातही आणला जातो. परंतु मांजर ज्या जागी राहते तेथे त्याला अन्न आणि आडोसा मिळत असतो. मासळीबाजारातील टाकाऊ मासळी, खानावळींमागील उष्टे, धान्याच्या गोदामातील उंदीर हे सारे तसेच राहिले, तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची मांजरे शिरतात आणि काही महिन्यांत संख्या पूर्ववत होते.

ऑस्ट्रेलियातील टास्मानियाच्या दक्षिणेकडील जंगलांत झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हे आकड्यांनिशी दाखविले. तेथे दोन ठिकाणी मांजरे पकडून मारण्याचा प्रयोग तुरळक प्रमाणात करण्यात आला. संख्या घटण्याऐवजी एका ठिकाणी ती ७५ टक्क्यांनी आणि दुसऱ्या ठिकाणी तब्बल २११ टक्क्यांनी वाढलेली आढळली. जागा अडवून बसलेली बलिष्ठ मांजरे नाहीशी होताच आजूबाजूची मांजरे तेथे आली असावीत, असा अर्थ संशोधकांनी लावला. अर्धवट हत्या ही निर्दयी तर आहेच, पण निरुपयोगीही आहे.

दूर सोडलेल्या मांजराचे काय होते, हा प्रश्न वेगळाच. अनोळखी जागी त्याला अन्नाचा ठावठिकाणा नसतो, तेथील मांजरे त्याला टिकू देत नाहीत आणि बरीचशी मांजरे परतीच्या वाटेवर रस्त्यावर बळी पडतात. भंडारा जिल्ह्यात तर 'गावाबाहेर' याचा अर्थ बऱ्याचदा 'जंगलाच्या कडेला' असाच होतो. या मुद्द्याकडे पुढे वळावे लागेल.

सत्तर टक्क्यांचे पथ्य

निर्बीजीकरण करून मूळ जागी सोडलेले मांजर आपली जागा राखून राहते, परंतु प्रजा वाढवीत नाही. बोक्यांची रात्रीची भांडणे, कर्कश ओरडणे आणि उग्र वासाची मूत्रफवारणी बरीच कमी होते. शेजाऱ्यांच्या तक्रारींचे मूळ बहुधा याच गोष्टींत असते. संख्या मात्र लगेच घटत नाही. मांजरे आपल्या मरणाने कमी होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि ही वाट वर्षांची असते.

अमेरिकेतील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात स्वयंसेवकांनी १९९१ पासून चालविलेल्या उपक्रमाचा हिशेब २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १५५ मांजरांची नोंद ठेवली गेली. १९९६ मध्ये आवारात ६८ मांजरे होती, ती २००२ मध्ये २३ वर आली. यातील महत्त्वाचा तपशील असा, की जवळजवळ निम्म्या मांजरांना घरे मिळवून देण्यात आली होती. केवळ शस्त्रक्रियेने नव्हे, तर शस्त्रक्रिया आणि दत्तक योजना यांच्या जोडीने हा बदल घडला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यूबरीपोर्ट या बंदराच्या गावी १९९२ मध्ये नदीकाठावर सुमारे ३०० भटकी मांजरे होती. स्वयंसेवकांच्या सतरा वर्षांच्या कामानंतर, २००९ मध्ये त्या समूहातील शेवटचे मांजर वृद्धापकाळाने गेले.

यशाच्या या कथांना दुसरी बाजूही आहे. इटलीने १९९१ मध्ये मोकाट मांजरांना कायद्याने संरक्षण दिले आणि रोम शहरात दहा वर्षांत सुमारे ८ हजार मांजरांचे निर्बीजीकरण झाले. त्यातील १०३ समूहांची पाहणी झाली तेव्हा एक कटू सत्य समोर आले. लोक घरची नकोशी मांजरे आणि पिल्ले या समूहांत आणून सोडत होते. नव्याने येणाऱ्या मांजरांचे प्रमाण २१ टक्क्यांच्या घरात होते. घरातील मांजरांच्या प्रजननाला आवर घातल्याखेरीज भटक्या मांजरांवरचा खर्च आणि श्रम वाया जातात, असे या पाहणीच्या लेखकांनी स्पष्टपणे नमूद केले.

इस्रायलमधील रिशॉन लेझिऑन शहरातील बारा वर्षांच्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. शहरात विखुरलेल्या शस्त्रक्रियांचा परिणाम नगण्य ठरला. एकमेकांना लागून असलेल्या सर्व भागांत ७० टक्क्यांहून अधिक मांजरांचे निर्बीजीकरण झाले, तेव्हा कुठे संख्या वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी घटू लागली. त्यातही उरलेल्या पिल्लांना अन्न व जागा मिळाल्याने ती अधिक जगतात आणि घट मंदावते, असेही आढळून आले.

या साऱ्याचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येते. दहा वस्त्यांतून दोन-दोन मांजरे नेण्यापेक्षा एका वस्तीतील सर्व मांजरे नेणे हिताचे. चांगल्या मनाने पण विस्कळीतपणे केलेले काम वैयक्तिक समाधान देते, संख्येवर परिणाम करीत नाही.

लहान शहरांची जमेची बाजू

मुंबईसारख्या महानगरात ७० टक्क्यांची अट पुरी करणे हे दुष्कर कर्म. भंडारा जिल्ह्याचे स्वरूप मात्र वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख ३३४ होती. सात तालुक्यांच्या या जिल्ह्यात भंडारा, तुमसर, पवनी, साकोली यांसारखी मोजकीच शहरे आहेत आणि भंडारा शहराची लोकसंख्याही त्या जनगणनेत लाखाच्या आत होती. शहरांच्या हद्दी मर्यादित आहेत, बाजार एकवटलेले आहेत आणि मोहल्ल्यात कोण कोणत्या प्राण्याला खाऊ घालतो, हे सर्वांना ठाऊक असते. 'एक वस्ती पूर्ण, मग दुसरी' हे पथ्य अशाच शहरात पाळता येण्याजोगे आहे.

मांजरांचे अड्डेही हेरण्याजोगे आहेत. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. भातगिरण्या, धानाची गोदामे, आठवडी बाजार, मासळीविक्रीच्या जागा, बसस्थानकांलगतच्या खानावळी येथे मांजरांना अन्न सहज मिळते. भातगिरण्यांच्या संदर्भात एक समज मात्र तपासून घ्यावा लागेल. उंदरांच्या बंदोबस्तासाठी मांजरे हवीतच, म्हणून ती वाढू द्यावीत, असे म्हटले जाते. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात एका कचरा प्रकल्पात ७९ दिवस कॅमेरे लावून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या उंदरांवर मांजरांनी हल्ल्याचे तीन प्रयत्न केले आणि त्यातील दोनच यशस्वी झाल्याचे दिसून आले. मांजरांच्या वावराने उंदीर कमी झाले नाहीत, ते अधिक दडून राहू लागले. लहान उंदीर मांजरे पकडतात यात शंका नाही. परंतु घुशीसारख्या अंगापिंडाने मोठ्या प्राण्याचा बंदोबस्त ही गोदामाच्या बांधकामाची आणि स्वच्छतेची बाब आहे. शिवाय निर्बीजीकरण झालेले मांजरही शिकार करतेच. तेव्हा गिरणीमालकाला मांजर हवे असेल, तर ते निर्बीज केलेले आणि लस टोचलेले असावे, एवढाच आग्रह धरावा लागेल.

पशुवैद्यकीय सेवेची अडचण मात्र खरी आहे. जिल्ह्यातील शासकीय पशुवैद्यकीय यंत्रणा प्रामुख्याने गाई-म्हशी आणि शेळ्यांसाठी उभी आहे. मांजराची भूल आणि मादीच्या पोटाची शस्त्रक्रिया हे सरावाचे काम असून त्यासाठी निर्जंतुक जागा, योग्य औषधे आणि शस्त्रक्रियेनंतरची देखरेख लागते. अशा वेळी सुमारे ६० किलोमीटरवरील नागपूरचा आधार घेता येईल. तेथे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्षातून ठरावीक वेळा शिबिरे घेण्याबाबत नगरपरिषदा आणि अशा संस्था यांच्यात करार होऊ शकतो. पशुवैद्यकाला सराव, नगरपरिषदेला सेवा आणि स्वयंसेवकाला हक्काचे ठिकाण, असा हा तिहेरी लाभ ठरेल.

जंगल जवळ असल्याचे भान

भंडाऱ्याच्या बाबतीत मुंबई वा रोमचा कित्ता जसाच्या तसा गिरवता येणार नाही. जिल्ह्यात कोका अभयारण्य आहे, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा परिसर लागून आहे आणि पवनीच्या बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. रानमांजर आणि जगातील सर्वांत लहान मार्जारांपैकी एक असलेली वाघाटी पूर्व विदर्भाच्या याच भूभागात आढळते. पाळीव मांजराचा रानमांजराशी संकर होऊ शकतो. पाळीव मांजरांचे रोगही रानातील मार्जारवर्गाकडे जाऊ शकतात.

पक्ष्यांचा प्रश्नही दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेत मोकाट आणि पाळीव मांजरे मिळून वर्षाला १३० कोटी ते ४०० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणूनच वन्यजीव अभ्यासकांचा एक मोठा वर्ग 'पकडा, निर्बीज करा, परत सोडा' या पद्धतीला विरोध करतो. निर्बीज मांजर पिल्ले घालत नाही, पण पक्षी मारतच राहते, हा त्यांचा युक्तिवाद बिनतोड आहे.

त्यात रोगाची एक नवी किनार जोडली गेली आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावला. पाठोपाठ जानेवारी २०२५ मध्ये नागपूरला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे घरगुती मांजरांत याच एच५एन१ विषाणूची लागण आढळली. कोंबडीच्या कच्च्या मांसाचे टाकाऊ भाग मांजरांपुढे टाकण्याची सवय किती घातक ठरू शकते, याचा हा इशारा होता. कोंबडीविक्रेत्यांच्या दुकानांभोवती वावरणारी मांजरे ही केवळ प्राणिप्रेमींची नव्हे, तर सार्वजनिक आरोग्याचीही बाब आहे. रेबीजचेही तसेच. देशात हा रोग मुख्यतः श्वानांमुळे पसरत असला, तरी बाधित मांजराच्या चाव्याने वा ओरखड्यानेही तो होऊ शकतो. मांजर चावल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते. शस्त्रक्रियेच्या वेळीच रेबीजची लस टोचणे हा म्हणूनच मोहिमेचा अविभाज्य भाग मानला जातो.

यातून जिल्ह्यासाठी दुहेरी धोरणाची गरज पुढे येते. शहरांच्या मध्यवर्ती भागात निर्बीजीकरण करून मूळ जागी सोडण्याची पद्धत योग्य ठरेल. परंतु अभयारण्यांच्या लगतच्या गावांत आणि पर्यटकांच्या निवासस्थानांभोवती मोकाट मांजरांचे समूह पोसणे टाळावे लागेल. तेथे माणसाळलेली मांजरे व पिल्ले दत्तक देणे, घरची मांजरे निर्बीज करून रात्री घरात ठेवणे आणि उष्टे व मांस उघड्यावर न टाकणे यांवर भर असावा. शहरातील मांजर पोत्यातून जंगलाच्या कडेला सोडणे हे तर सर्वार्थाने हानिकारक. त्यात मांजराचाही जीव जातो आणि रानाचीही हानी होते.

उलट बाजूचीही काळजी हवी. शेतात वा धुऱ्यावर सापडलेले पिल्लू प्रत्येक वेळी पोरके मांजर असतेच असे नाही. ते रानमांजराचे वा वाघाटीचे असू शकते आणि त्याची आई जवळपासच असू शकते. अशा पिल्लाला 'वाचविण्यासाठी' घरी नेणे म्हणजे त्याला आईपासून तोडणे होय. त्याला न हलवता वन विभागाला कळविणे हाच योग्य मार्ग.

स्वयंसेवकाचे काम म्हणजे शिस्त

या कामात भावनेइतकीच शिस्त लागते. पहिले पाऊल मोजणीचे. प्रत्येक समूहातील मांजरांची रंग, लिंग आणि अंदाजे वयासह वही ठेवावी लागते. अन्नाची वेळ ठरली की मांजरे त्या वेळी गोळा होतात. पकडण्याच्या आदल्या रात्री अन्न थांबविले जाते. भुकेले मांजर पिंजऱ्यात शिरते आणि भूल देण्यासाठी प्रौढ मांजराचे पोट रिकामे असणे आवश्यकही असते. पिंजऱ्यावर कापड टाकले की बिथरलेले मांजर शांत होते. शस्त्रक्रियेनंतर बोक्याला साधारण एक दिवस आणि मादीला त्याहून अधिक काळ देखरेखीखाली ठेवावे लागते. भुलेखाली असतानाच कानाचे टोक किंचित कापले जाते. हीच त्या मांजराची कायमची ओळख ठरते आणि तेच मांजर पुन्हा शस्त्रक्रियेसाठी पकडले जात नाही. पिल्ले अंगावर पीत असलेली मादी नेताना पिल्ले कोठे आहेत, याचा शोध आधी घ्यावा लागतो.

एकट्या माणसाने हे सारे पेलू नये, असा धडा पुण्याने दिला आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसर भागातील एका गृहसंकुलातील सदनिकेत तीनशेहून अधिक मांजरे ठेवल्याचे उघडकीस आले. शेजाऱ्यांच्या तक्रारी, दुर्गंधी आणि महापालिकेची नोटीस असे त्याचे पर्यवसान झाले. माया कितीही खरी असली, तरी तिला क्षमतेची मर्यादा असते. म्हणूनच जेथे कामाचे वाटप आहे, खर्चाचा हिशेब आहे आणि नव्या मांजराला 'नाही' म्हणण्याची तयारी आहे, तेथेच असे उपक्रम टिकतात.

शेजाऱ्यांशी संवाद हा या कामाचा दुसरा आधार. विदर्भाने हा संघर्ष जवळून पाहिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सार्वजनिक जागी भटक्या श्वानांना खाऊ घालण्यावर कठोर निर्बंध घातले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातील जाचक भागाला स्थगिती दिली. २०२३ च्या नियमांनी सामुदायिक प्राण्यांना अन्न देण्याच्या जागा व वेळा ठरविण्यासाठी स्थानिक पातळीवर व्यवस्था सुचविली. अन्न दिल्यावर जागा स्वच्छ करणे, शाळेच्या वा दवाखान्याच्या दारात अन्न न ठेवणे आणि तक्रार आली तर ती ऐकून घेणे, एवढे पाळले तरी निम्मे वाद टळतात.

निर्णयाची वेळ

राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका प्रदीर्घ प्रशासक राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये पार पडल्या. श्वानांबाबतच्या न्यायालयीन निर्देशांमुळे भटक्या प्राण्यांसाठी जागा, मनुष्यबळ आणि निधी यांचा विचार या संस्थांना करावाच लागणार आहे. त्याच व्यवस्थेत मांजरांचा अंतर्भाव करणे फारसे खर्चिक नाही. शस्त्रक्रियेची खोली, पशुवैद्यक आणि लस एकच. पिंजरे तेवढे वेगळे आणि मांजरांना श्वानांपासून दूर ठेवण्याची सोय स्वतंत्र लागेल. प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असावी, असे केंद्राचे २००१ चे नियम सांगतात. प्रशासन, पशुसंवर्धन व वन विभाग आणि स्वयंसेवक यांना एका टेबलाशी आणण्याचे काम अशा सोसायटीमार्फत होऊ शकते.

प्रारंभ लहान असावा. एका शहरातील एक बाजार निवडावा, तेथील मांजरांची मोजणी करावी, त्यातील किमान ७० टक्के मांजरांचे निर्बीजीकरण पूर्ण करावे आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी करून आकडे जाहीर करावेत. संख्या घटली तर पुढचा बाजार. न घटल्यास नवी मांजरे कोठून येतात, याचा शोध. सोबतच घरच्या मांजराचे निर्बीजीकरण करणे हे पालकाचे कर्तव्य आहे, ही जाणीव रुजवावी लागेल. अन्यथा रोमचीच पुनरावृत्ती भंडाऱ्यात होईल.

मांजरांची संख्या अखेर घटणारच आहे. ती कशी घटावी, एवढाच पर्याय माणसाच्या हाती आहे. आज ती गटाराच्या कडेला मरणाऱ्या पिल्लांच्या रूपाने घटते आणि तरीही दर वर्षी वाढते. एका शस्त्रक्रियेने ती पिल्ले जन्मालाच न येणे अधिक दयेचे की जन्मून मरणे, याचे उत्तर देण्यास पशुगणनेची गरज नाही. मात्र त्या उत्तराप्रमाणे वागायचे, तर कोणाला तरी वही-पेन घेऊन मांजरे मोजण्यापासून सुरुवात करावी लागेल.